पार्वताबाई रासने विरुद्ध विषाणू

हिवरपेठच्या दिवाणी न्यायालयात एका विषाणूवर घर खाली करून मिळण्याचा दावा लागला, आणि पहिल्याच तारखेला तो स्वतः हजर राहिला. मी या कोर्टात एकोणीस वर्षं बेंच क्लार्क आहे. पहिल्या तारखेला प्रतिवादी हजर राहिल्याचं मी त्याआधी दोनदाच पाहिलं होतं, आणि त्यातला एक चुकून दुसऱ्याच्याच खटल्यात येऊन बसला होता. म्हणून ही हकिगत लिहून ठेवावी असं वाटलं.

वादी पार्वताबाई रासने. वय अठ्ठावन्न, बाजारपेठेत बांगड्यांचं दुकान. गावातली एकही लग्न झालेली बाई अशी नाही जिचा हात त्यांनी आपल्या हातात धरला नसेल. त्यामुळे त्या माणूस ओळखतात तो मनगटावरून, तोंडाकडे नंतर बघतात. बुधवारी सकाळी साडेदहाला त्या माझ्या टेबलाशी आल्या, माझ्या हातांवर एक नजर टाकली आणि डॉक्टर कोहळ्यांची चिठ्ठी पुढे केली. चिठ्ठीत लिहिलं होतं : 'नागिणीच्या कुळातला विषाणू. पेशीत हजर आहे. दोन दिवसांत बाहेर येण्याची शक्यता.'

आमच्या भागात पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. 'आज पेशी आहे' असं म्हणून माणूस घरून निघतो आणि पुढची पेशी घेऊन परत येतो. मी त्या दिवसाचा बोर्ड वरपासून खालपर्यंत पाहिला. विषाणू नावाचा कोणी इसम त्यात नव्हता. पण एवढा शिकलेला डॉक्टर पेशीत हजर आहे असं लिहून देतो आणि बोर्डावर नाव नाही, तेव्हा चूक कार्यालयाची असते, आणि कार्यालय म्हणजे मीच. मी गुपचूप नाव चढवलं आणि पार्वताबाईंकडून अर्ज लिहून घेतला.

न्यायाधीश मीनाक्षी पाध्ये मॅडम रत्नागिरीकडून बदलून आल्या, त्याला तीन महिने झाले होते. त्यांच्याकडे पेशी म्हणजे शरीर ज्यांचं बनलेलं असतं त्या बारीक बारीक खोल्या. त्यांनी चिठ्ठी वाचली. विषाणू पेशीत आहे, तर असेल, असं त्यांना वाटलं. मी वाचली तेव्हा विषाणू पेशीला आला आहे, तर बरं झालं, असं मला वाटलं होतं. दोघांचंही समाधान झाल्यामुळे कोणी कोणाला काही विचारलं नाही. आमच्या कोर्टातली पुष्कळ कामं अशीच सुरळीत चालतात.

अर्ज पाच ओळींचा होता. पार्वताबाईंच्या मुलीला, प्रणिताला, लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगी झाली, तीही दिवस भरण्याआधी. दहा दिवस ते बाळ जिल्ह्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं आणि आजी पेटीबाहेर बसून होती. मंगळवारी बाळ घरी आलं. पार्वताबाईंनी आंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसलं, नातीला घ्यायला हात पुढे केले, आणि वरच्या ओठात मुंग्या आल्या. डॉक्टर म्हणाले, ओठावर फोड येणार. उभ्या जन्मात आला नसेल, पण आता येणार. तो ओठ एवढ्याशा जिवाच्या तोंडाला लागला तर तो जीव वाचेल याची खात्री देता येत नाही. अर्जाची शेवटची ओळ पार्वताबाईंनी माझं न ऐकता स्वतःच्या शब्दांत घातली होती : 'सदर इसम माझ्या परवानगीवाचून माझ्या अंगात राहतो, त्याला काढावे, मला नात जवळ घ्यायची आहे.'

जेवणानंतर पुकारा झाला. चैत्र संपत आला होता. बाहेर लिंबाच्या झाडाखाली पक्षकार लवंडले होते, आत कुलरचं पाणी टपटपत होतं, आणि त्या आवाजात सगळ्या कोर्टाला हलकीशी गुंगी आली होती. डोमाजी चपराशानं दारात उभं राहून 'विषाणू, हाजिर हो' असं तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा आतूनच 'हजर' असं उत्तर आलं. आवाज पार्वताबाईंच्या डाव्या कानाच्या पुढून, जबड्याच्या सांध्याच्या जरा आतून येत होता. फार बारीक होता. मॅडमनी कुलर आणि पंखे बंद करायला सांगितले, आणि एरवी पाच मिनिटं वीज गेली तर बोंबलणारे वकील घामानं निथळत जागच्या जागी बसून राहिले.

वादी आणि प्रतिवादी एकाच अंगात असल्यामुळे पिंजऱ्याचा प्रश्न आला. मॅडमनी मार्ग काढला. पार्वताबाई स्वतःचं बोलतील तेव्हा उजव्या पिंजऱ्यात उभ्या राहतील आणि तो बोलेल तेव्हा डाव्या. त्या मुकाट्यानं तशा ये-जा करत राहिल्या.

मी रीतीप्रमाणे नाव, वय, पत्ता विचारला. नाव त्यानं विषाणू एवढंच सांगितलं. वय सांगता येत नाही म्हणाला, कारण आपण जिवंत किती दिवस आणि नुसते लिहिलेले किती दिवस याचा हिशेब लागत नाही. पत्ता वादीचा डावा कान, पुढची बाजू, पाचव्या मज्जातंतूची गाठ. तिथे किती वर्षं, तर चोपन्न. धंदा विचारला तेव्हा तो थोडा थांबला आणि म्हणाला, वाट पाहणे. मी तसंच लिहिलं. तो धंदा असलेले आणखी पन्नासेक लोक त्या वेळी आमच्या व्हरांड्यात होते.

मॅडमनी पहिला प्रश्न सरळ विचारला. दार फोडून आत आलास का? तो म्हणाला, नाही. मग त्यानं सावकाश सगळी वाट सांगितली. त्याची भाषा जुन्या वऱ्हाडीतली होती, हल्ली गावातही कोणी बोलत नाही अशी. ती मी कोर्टाच्या भाषेत उतरवून घेतली.

पेशीच्या बाहेरच्या अंगाला बारीक झालर असते. तिला तो आधी नुसता अडकला, वाऱ्यानं उडालेला कापूस कुंपणाला अडकतो तसा. तिथून तो सुटूही शकला असता. झालरीतून घसरत घसरत तो दाराशी आला. दाराबाहेर हात असतात. शेजारच्या पेशीनं धरावा म्हणून प्रत्येक पेशी आपला हात बाहेर ठेवते, त्यामुळेच कातडी एकत्र राहते. एक हात मोकळा होता. त्यानं तो धरला. पेशीला वाटलं शेजारीण आहे, आणि दार उघडलं.

पार्वताबाई डाव्या पिंजऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी स्वतःचा तळहात उलटा करून पाहिला.

त्याच्या अंगावर कोट होता. आत जाताना तो काढावा लागत नाही, कोट दाराच्याच कापडात मिसळून जातो आणि माणूस आतल्या कपड्यांवर पलीकडे निघतो. आत उजेड नव्हता आणि अंधारही नव्हता, कोमट पाण्यात बुडी मारल्यावर असतं तसं काहीतरी होतं. मधून तारा गेल्या होत्या, लांबच लांब. त्या तारांवरून हमाल चालत होते. आत जाणारे हमाल वेगळे, बाहेर येणारे वेगळे, आणि दोघं आयुष्यात एकदाही उलट्या दिशेला चालत नाहीत. त्याला स्वतःला पाय नाहीत. आत जाणाऱ्या एका हमालानं कुठलं तरी गाठोडं समजून त्याला खांद्यावर घेतलं, आणि एक पाऊल, मग दुसरं पाऊल, अशी ती चाल सुरू झाली. ओठापासून कानापर्यंत वीतभर अंतर. ते चालायला एक दिवस आणि एक रात्र लागली. हमाल एक शब्द बोलला नाही. वाटेत बाजूनं इतर हमाल कसली कसली ओझी घेऊन जात होते. ती सगळी या बाईंच्या घरची कामं होती, हसणं, चव, थंडी वाजणं, आणि त्या गर्दीत आपल्याला कोणी परकं म्हटलं नाही, हे सांगताना त्याचा आवाज आणखी बारीक झाला.

ही साक्ष चालू असताना मला स्वतःला खांद्यावर बसून कुठेतरी नेलं जात असल्यासारखं वाटत होतं, आणि ते वाईट वाटत नव्हतं, हे मी कबूल करतो.

शेवटी पेशीच्या मधोमध केंद्रक आलं. म्हणजे मुख्य कचेरी, सगळं दप्तर तिथे. भिंतीला भोकं होती, पण कोटाच्या आत तो ज्या पेटीत बंद होता ती मावेल एवढी मोठी नव्हती. हमालानं पेटी भोकाशी उतरवली आणि तो परत न पाहता निघून गेला. मग पेटीचं तोंड उघडलं आणि आत जे होतं तेवढंच सुतासारखं सरकत भिंतीपलीकडे गेलं. पेटी रिकामी बाहेर राहिली.

'म्हणजे आत नेमकं कोण गेलं?' मॅडमनी विचारलं.

तो म्हणाला, एक लांबलचक लिखाण. मी म्हणजे तेवढंच, बाकी सगळं सामान होतं.

आणि आत जाऊन काय केलंस, यावर त्यानं सांगितलं की काहीच नाही. काम सुरू करायला जे कागद दाखवावे लागतात ते कोट आणि पेटी यांच्या मधल्या जागेत कोंबलेले असतात. वाट लांब पडली, कागद मागेच कुठेतरी गळाले. कचेरीत कागदांशिवाय कोण विचारतो? बसा म्हणाले. तो बसला. चोपन्न वर्षं झाली.

हे ऐकून व्हरांड्यातल्या दाराशी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या पक्षकारानं मान हलवली. पहिल्यांदाच त्या खटल्यात कोणाची तरी सहानुभूती प्रतिवादीकडे वळली होती, आणि मॅडमच्या ते लक्षात आलं. त्यांनी जरा कडक आवाजात विचारलं की मग आता बाहेर निघण्याची घाई का. तो म्हणाला, दहा दिवस बाई झोपल्या नाहीत. घरात धनीण जागी असली की कचेरीत गडबड उडते, आणि त्या गडबडीत मला उठ म्हणाले. बाहेर जाणारा हमालही मिळाला आहे. माझी प्रत काढून त्याच्या खांद्यावर दिली आहे.

इथे कायद्याची अडचण उभी राहिली. बाहेर जाण्याची वाट एकच आहे आणि ती ओठावर निघते. घर खाली करण्याचा हुकूम दिला तर त्याला ओठावर येणं भाग होतं, म्हणजे बाईंना जे नको तेच कोर्टाच्या शिक्क्यानिशी झालं असतं. शिवाय तो बाहेर गेला तरी प्रत जाते, मूळ लिखाण आतच राहतं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. घर खाली होऊच शकत नाही असा कब्जेदार त्यांनी याआधी पाहिला नव्हता. मी एक पाहिला होता, पण तो भाडेकरू होता.

'एवढं सांग,' मॅडम म्हणाल्या, 'तुला दारापर्यंत कोणी आणलं?'

'मुक्यानं.'

मी लिहिलं. मॅडमनी विचारलं की हा मुका इसम कोण, त्याचं नाव-गाव काय, त्याला साक्षीला बोलावता येईल का.

'मुका माणूस न्हाई मॅडम,' तो म्हणाला. 'मुका. लेकराचा घेतेत तो. हिच्या मायनं घेतला, थ्यातून मी आलो.'

मी लिहिलेलं खोडलं. एकोणीस वर्षांत माझ्या हातून साक्षीत पडलेली ती तिसरी खाडाखोड.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी, जी रेकॉर्डवर नाही पण हिवरपेठेत सगळ्यांना ठाऊक आहे. पार्वताबाई चार वर्षांच्या असताना त्यांची आई तापानं अंथरुणाला लागली आणि आठवड्यात गेली. घरात तिचा फोटो नाही. पार्वताबाईंना तिचं तोंड आठवत नाही. आत्यानं त्यांना लहानाचं मोठं केलं आणि रागाच्या भरात एकदा सांगून टाकलं की तुझ्या मायनं मरताना तुला जवळसुद्धा येऊ दिलं नाही. ते वाक्य पार्वताबाईंनी जन्मभर सांभाळलं आहे. दुकानात एखादी नवी नवरी आपल्या आईला घेऊन आली की त्या दोघींना हव्या त्याहून दोन बांगड्या जास्तच भरतात, आणि कोणी काही विचारलं तर चिडतात.

पार्वताबाई डाव्या पिंजऱ्यातून उजव्यात गेल्या नाहीत. तिथेच उभ्या राहून त्यांनी विचारलं, 'कवा घेतला तिनं?'

रीतीप्रमाणे वादीनं प्रतिवादीला परस्पर प्रश्न विचारायचा नसतो. मॅडमनी थांबवलं नाही.

तो म्हणाला, ती तापात होती तवा. तिच्या ओठावर फोड होता, मी थ्यात होतो. आधी तिनं तुले दूर ठिवलं, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी तिले समजलं, आता काई खरं न्हाई. तू झोपेल होती. तिनं तीन मुके घेतले. पहिल्यात मी घसरलो. दुसऱ्यात तुह्या झालरीले लागलो. तिसऱ्याच्या टायमाले मी दाराच्या आत होतो, पन मले आयकू आला.

मग पार्वताबाईंनी विचारलं की तिचे हात कसे होते.

'मले डोये न्हाईत,' तो म्हणाला. 'हात मी पाह्यले न्हाई. ओठ गरम होता, येवढं ठाव हाय. आन् कोट.'

'कोणता कोट?' मॅडमनी विचारलं.

तेव्हा त्यानं सांगितलं की त्याच्या जातीत प्रत्येक जण निघताना ज्या घरातून निघतो त्या घराच्या कापडाचा कोट घालून निघतो. दुसरं कापड त्यांना मिळतच नाही. तो निघाला होता तो आईच्या ओठातून, त्यामुळे कोट तिच्याच पेशीचा होता. तोच इथे येऊन लेकीच्या दारात मिसळला. आता तो तिथे आहे का, हे त्याला सांगता येत नाही. दार तेव्हापासून कितीदा तरी नवं झालं असेल, आणि तो आत बसलेला, त्याला दार दिसत नाही.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. मी साक्ष लिहीत होतो म्हणून मला खाली मान घालायला कारण होतं, नाहीतर माझी पंचाईत झाली असती. मला रडू येत होतं. सरकारी कागदावर पाणी पडू नये म्हणून मी उजवा हात आडवा धरला आणि लिहीत राहिलो.

कोर्ट दहा मिनिटं उठलं. डोमाजीनं पार्वताबाईंना पाणी दिलं. परत बसल्यावर मॅडमनी कायदा समजावून सांगितला की बारा वर्षांवर उघड कब्जा असला तर हक्क सांगता येतो, पण याचा कब्जा उघड नव्हता, गुपचूप होता, म्हणून प्रतिवादीला मालकी मिळणार नाही. दुसरीकडे तो घुसखोरही ठरत नाही, कारण त्याला आणणारी बाई घरची होती. तेव्हा वादीलाच आता काय हवं आहे ते तिनं सांगावं.

पार्वताबाई उजव्या पिंजऱ्यात गेल्या. दोन्ही हातांनी कठडा धरला.

'काढू नका त्याले,' त्या म्हणाल्या. 'माह्या मायचा मुका हाय तो. माह्यापाशी राहू द्या. पन माह्यापाशीच. पोरीले मी तोंड लावणार न्हाई. आज न्हाई, आन् फोड गेल्यावर बी न्हाई. तो माह्याबरूबरच जाईल.'

'आयुष्यभर?' मॅडमनी विचारलं. 'डॉक्टर म्हणतात, खपली पडल्यावर, काळजी घेतली तर चालतं.'

'मॅडम, माही माय दोन दिवस थांबली व्हती. तिसऱ्या दिवशी तिच्यानं राह्यवलं न्हाई. माह्यानं राह्यवन काय, हे मले ठाव न्हाई. म्हून कोर्टात सांगून ठिवते.'

मॅडमनी विषाणूला विचारलं, मान्य आहे का. तो म्हणाला, मान्य आहे, पण थांबणं आपल्या हातात कधीच नसतं. आपल्याला नेतं ते कोणीतरी नेतं. हमाल तरी, नाहीतर माया. मी माया हा शब्द लिहावा की नाही याबद्दल मॅडमकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, मी लिहिला.

हुकूम तडजोडीचा झाला. प्रतिवादीनं वादीच्या हद्दीत राहावं. बाहेर यायचंच असेल तर वरच्या ओठाच्या सीमेपलीकडे जाऊ नये. वादीनं डॉक्टरांच्या गोळ्या वेळेवर घ्याव्यात, आणि खपली गळून पडेपर्यंत रोज अकरा ते पाच कोर्टाच्या व्हरांड्यात तोंडाला पदर लावून बसावं. ही शेवटची अट पार्वताबाईंनीच मागून घेतली. घर दोन खोल्यांचं आहे, म्हणाल्या, आणि ते लेकरू रडलं की माह्ये पाय आपोआप तिकडं जातेत.

शुक्रवारी सकाळी फोड आला. त्या अकराला व्हरांड्यात हजर झाल्या. मी त्यांच्यासाठी एक हजेरीपट आखला. शनिवारी, रविवारी सुट्टी होती, पण डोमाजीनं फाटक उघडून दिलं. सोमवारी दुपारी प्रणिता बाळाला घेऊन आली आणि ठरल्याप्रमाणे फाटकाशीच थांबली. तिथून व्हरांडा साठ पावलांवर आहे. तिनं दुपटं बाजूला करून बाळाचं तोंड आईकडे केलं. पार्वताबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, हवेतच त्या एवढ्याशा तोंडावरून वरून खाली फिरवले, आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. दहाची दहा बोटं वाजली. फाटकापर्यंत आवाज गेला असावा, कारण बाळानं तोंड वळवलं, किंवा प्रणितानं ते वळवलं. मग त्या दोघी गेल्या.

पार्वताबाई बऱ्याच वेळानं माझ्या टेबलाशी आल्या आणि आरसा आहे का विचारलं. दुकानातला आरसा त्यांनी फोड आल्यापासून पाहिला नव्हता, भीती वाटत होती म्हणे. रेकॉर्डच्या लोखंडी कपाटाच्या दारावर एक जुना आरसा आहे. मी कपाट त्यांच्याकडे वळवलं. त्यांनी पदर खाली केला. फोड वरच्या ओठावर होता, डावीकडे, कोपऱ्यापासून बोटभर आत. चेहरा जवळ नेऊन, हात न लावता, त्यांनी तो पुष्कळ वेळ पाहिला.

'हितं घेतला व्हता तिनं,' त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं. त्यांनी पदर पुन्हा नाकापर्यंत ओढला, हजेरीपटावर सही केली आणि बाकावर जाऊन बसल्या, आणि डोमाजीनं पुढचा खटला पुकारला.